पह्यले खाले काय शे ते देख: घरी गाडी रंगवताना प्रायमर, रंग आणि क्लिअर कसे निवडायचे

अमळनेरला आमच्या पडवीत वडिलांची चेतक स्कूटर बरीच वर्षं उभी होती. एका आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुट्टीत ती रंगवायची असं मी ठरवलं. हार्डवेअरच्या दुकानातून रेड ऑक्साइडचा डबा आणला, कारण गेटला आणि खिडकीच्या गजांना सगळे तोच लावतात. तो रात्रभर वाळू दिला आणि दुसऱ्या दिवशी त्यावर जळगावहून आणलेला, हार्डनर (थर कडक करणारं रसायन) मिसळायचा महाग निळा रंग मारला. पाच-सात मिनिटांत बाजूचं अख्खं फुगीर झाकण सुरकुतलं, दुधावरची साय चमच्याने ओढावी तसं. मी खरवडायला बसलो होतो, तेवढ्यात गल्लीतले एक वयस्क पेंटर आले. आयुष्यभर ट्रकच्या केबिन रंगवलेला माणूस. त्यांनी सुरकुतीवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "पह्यले खाले काय शे ते देख ना भाऊ." म्हणजे, आधी खाली काय आहे ते बघ.

पुढे जे लिहिलं आहे ते सगळं त्या एका वाक्यातून आलं आहे. आपण दुकानात जातो, रंगाचं कार्ड उघडतो, शेड पसंत करतो आणि मग प्रायमर विचारतो. क्रम याच्या उलट हवा. गाडीवर आत्ता काय आहे, यावर प्रायमर ठरतो. प्रायमरवर रंग ठरतो, रंगावर क्लिअर, म्हणजे सगळ्यांत वरचा पारदर्शक थर. आणि थिनर ठरतो तो आपल्याकडच्या उन्हावर.

आधी कापसाचा बोळा आणि थिनर

गाडीवर लपलेली जागा शोधा: सीटखाली, दाराच्या आतल्या कडेला, बॉनेटच्या खालच्या बाजूला. कापसाचा बोळा एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगाच्या थिनरमध्ये भिजवून तिथे अर्धा मिनिट चोळा. रंग सरळ कापसावर उतरला, तर खाली हवेवर वाळणारा एनसी किंवा तसाच एका डब्याचा, हार्डनर न लागणारा रंग आहे. रंग उतरला नाही पण मऊ पडला, फुगला, सुरकुतला, तर कुणीतरी इनॅमल मारलेलं आहे. आणि काहीच झालं नाही, तर तो कंपनीत भट्टीत भाजलेला मूळ रंग आहे किंवा हार्डनरवाला पीयू (पॉलियुरेथेन) आहे. तिसरं उत्तर आलं तर तुमचं अर्धं काम वाचलं. त्याला नीट घासलं की त्याच्यावर बहुतेक काहीही बसतं.

पहिलं किंवा दुसरं उत्तर आलं, तर जुना रंग पत्र्यापर्यंत काढून टाका, असंच मी नवशिक्याला सांगेन. अनुभवी पेंटर अशा रंगावर इपॉक्सी प्रायमरचा थर देऊन तो आत कोंडतात आणि बरेचदा ते टिकतंही. पण कोंडताना चूक झाली तर सगळे थर पुन्हा काढावे लागतात. स्कूटरएवढ्या कामात दोन दिवस जास्त घासणं परवडतं.

वर क्लिअर आहे की नाही, हेही बघून घ्या. २००० नंबरचा वॉटर पेपर ओला करून हलकेच चार वेळा फिरवा. गाडी पांढरी नसेल आणि पाणी दुधी झालं, तर वर क्लिअर आहे. पाण्याला गाडीचा रंग आला तर तो एकाच थराचा सरळ रंग आहे.

तिसरी तपासणी बोटाची. दाराच्या खालच्या कडेला आणि चाकाच्या कमानीवर जिथे रंगाला फोड आलेला दिसतो, तिथे खाली गंज आहेच. फोड खरवडा, चमकदार पत्रा दिसेपर्यंत जा. गंजावर मारलेला कोणताही रंग एक पावसाळा काढतो, दुसरा काढत नाही.

घासणं, आणि बोअरचं पाणी

हा भाग कंटाळवाणा आहे म्हणून लोक उरकतात. पण रंग पत्र्याला धरून राहतो तो ओरखड्यांच्या जिवावर. ओरखडा फार खोल असला तर वरून दिसतो, फार उथळ असला तर रंग सुटतो. पुट्टीला आकार द्यायला ८० नंबरचा पेपर, मग १२० ते १८०, प्रायमरच्या आधी ३२०. प्रायमरवर साध्या रंगासाठी ६००, मेटॅलिकसाठी ८००. मेटॅलिकखाली ४००चे ओरखडे राहिले तर ऊन पडल्यावर एकेक रेघ मोजता येते.

घासण्याच्या आधी, हे महत्त्वाचं आहे, घासण्याच्या आधी पॅनल साबणाने धुवा आणि मेण-तेल काढणाऱ्या क्लीनरने पुसा. एका फडक्याने ओलं करायचं आणि ते सुकायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने उचलून घ्यायचं. उलट केलंत, तर पॉलिशमधलं सिलिकॉन कागदाने ओरखड्यांत भरलं जातं. मग रंग मारताना माशाच्या डोळ्यासारखी गोल भोकं पडतात आणि ती कितीही हात मारले तरी भरत नाहीत. ज्या पडवीत रंगकाम करणार, तिथे टायर चमकवायचा स्प्रे आठवडाभर आधीपासून वापरू नका.

आता पाणी. आपल्याकडे कित्येक घरांत बोअरचं जड पाणी येतं. बादलीच्या कडेला पांढरी पुटं चढतात, तेच क्षार ओल्या घासकामानंतर पत्र्यावर राहतात. वरून रंग बसतो, पण पावसाळ्यात ते क्षार रंगातून ओल ओढून घेतात आणि बारीक पुरळ उठतं. म्हणून घासताना बोअरचं पाणी चालेल, पण शेवटची धुलाई आरओच्या पाण्याने करा. दोन-तीन लिटर पुरतं.

पुट्टीचंही ओलीशी वाकडं आहे. हार्डनर मिसळून लावायची पॉली पुट्टी पाणी पिते. गॅरेजमध्ये ती सर्रास ओली घासताना दिसेल, कारण धूळ उडत नाही आणि काम पटकन होतं. तुम्ही ती कोरडी घासा, तोंडाला मास्क लावून. जुन्या रंगांत शिसं असू शकतं, त्यामुळे जुना रंग कोरडा घासतानाही मास्क हवाच आणि लेकरांना त्या दिवशी अंगणात खेळू देऊ नका.

प्रायमर: चार डबे, चार कामं

दुकानदार "प्रायमर द्या" म्हटल्यावर जो डबा देतो, तो तुमच्या कामाचा असेलच असं नाही.

रेड ऑक्साइडपासून सुरू करतो, कारण माझी चूक तिथेच झाली. तो तेलाच्या जातीचा प्रायमर आहे, हवेतल्या प्राणवायूने हळूहळू कडक होतो. वरून वाळलेला दिसला तरी आतून बरेच दिवस कच्चा असतो. त्यावर पीयू किंवा एनसीचा तिखट थिनर पडला की तो खालून फुगतो आणि वरची कातडी सुरकुतते. पण रेड ऑक्साइड वाईट नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला, नांगराला, गेटला रेड ऑक्साइड आणि वर इनॅमल ही जोडी अगदी बरोबर आहे. दोघं एकाच जातीचे आहेत. गाडीवर मात्र तो आणू नका.

इपॉक्सी प्रायमर दोन डब्यांत येतो. उघड्या पत्र्यासाठी नवशिक्याने हाच घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. तो पत्र्याला घट्ट धरतो, ओल आत जाऊ देत नाही आणि वर पुट्टी, सरफेसर, रंग, काहीही सांभाळून घेतो. तोटा एवढाच की हळू वाळतो, आणि थंडीत तर फारच हळू. धुळ्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा एक आकडी होतो, अशा रात्री उघड्या पडवीत इपॉक्सी पकतच नाही. मिसळल्यावर काही वेळ ठेवून मग वापरा असं डब्यावर लिहिलं असेल, तर तेवढा वेळ ठेवा. आणि डब्यावर दिलेल्या मुदतीत पुढचा थर द्या. मुदत उलटली तर वरून घासून ओरखडे पाडावे लागतात, नाहीतर पुढचा थर पापुद्र्यासारखा निघतो.

एच (etch) प्रायमर, म्हणजे आम्लाचा प्रायमर, पत्र्याला चावून धरतो. पातळ असतो, लवकर वाळतो. पण त्यावर पॉली पुट्टी लावू नका. आम्लामुळे पुट्टीचा हार्डनर नीट काम करत नाही आणि खाली चिकट थर राहतो. इपॉक्सीही त्यावर साधारणपणे मारत नाहीत. एवढं सांभाळता येत असेल तर घ्या, नाहीतर इपॉक्सीच बरा.

सरफेसर भरावाचा प्रायमर आहे. पेपरचे ओरखडे, पुट्टीच्या कडा, बारीक खळगे तो भरतो आणि घासल्यावर पत्रा सपाट दिसतो. तो उघड्या पत्र्यावर नाही, इपॉक्सीवर मारायचा. एका डब्याचा एनसी सरफेसर स्वस्त आहे, पण वाळल्यावरही बसत जातो. आज सपाट दिसलेली जागा महिन्याने खचते आणि पुट्टीची कड नकाशासारखी वर येते. दोन डब्यांचा घ्या. दोन-तीन हात मारा आणि पूर्ण वाळल्यावर त्यावर काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा उडवून मग घासा. जिथे काळं राहिलं, तिथे अजून खळगा आहे. डोळ्यांना न दिसणारा खळगा असा आपोआप दिसतो.

पुट्टी कुठे? इपॉक्सीनंतर, सरफेसरच्या आधी. थेट स्वच्छ घासलेल्या पत्र्यावरही चालते, पण इपॉक्सीवर लावली की खालच्या पत्र्याला गंजाची भीती राहत नाही. आणि पोचा आधी हातोडीने जितका निघेल तितका काढा. दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड पुट्टी आपल्या खड्ड्यांच्या रस्त्यांवर तडकते.

प्लास्टिक वेगळं. आजच्या मोटरसायकलींची बाजूची झाकणं बहुधा एबीएस प्लास्टिकची असतात, त्यांना तिखट थिनरने पुसू नका, प्लास्टिक विरघळतं. कारचा बंपर पॉलिप्रॉपिलीनचा असतो, त्यावर प्लास्टिकचा खास प्रायमर मारल्याशिवाय काहीच धरत नाही. भागाच्या आतल्या बाजूला प्लास्टिकची जात कोरलेली असते, ती वाचा.

प्रायमरची छटाही विचार करून घ्या. लाल आणि पिवळे रंग खालचं झाकायला कमी पडतात. त्यांच्याखाली पांढरा किंवा फिका प्रायमर हवा, नाहीतर पाच हात मारूनही रंग मळकट दिसतो. गडद निळ्याखाली करडा चालतो.

रंग निवडताना

एनसी रंग थिनर उडून वाळतो. चूक झाली तर अर्ध्या तासात घासून पुन्हा मारता येतो, म्हणून हात बसवायला उत्तम. पण पेट्रोल पडलं की विरघळतो, उन्हात लवकर फिका पडतो. भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. बाहेर उभ्या राहणाऱ्या गाडीला एनसी देऊ नका.

पीयूचा सरळ रंग, हार्डनर घातलेला, क्लिअरशिवायही चमकतो. पांढरी, काळी, लाल अशी साधी शेड असेल, तर पहिल्या गाडीला मी हाच सुचवेन. थर कमी म्हणजे चुकाही कमी. धूळ बसली तर घासून पॉलिश करता येतं.

बेस (नुसत्या शेडचा थर) आणि त्यावर क्लिअर ही आजच्या बहुतेक गाड्यांची पद्धत आहे. मेटॅलिक शेडला हीच घ्यावी लागते. बेस वाळल्यावर मंद दिसतो, घाबरू नका, चमक क्लिअरची असते. मेटॅलिकमध्ये ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात. हात ओला पडला की ते बुडतात आणि गडद ठिगळ दिसतं, कोरडा पडला की वर उभे राहतात आणि फिकं दिसतं. म्हणून मेटॅलिक पहिल्या कामाला नको. तीन थरांचा मोतिया पांढरा तर मुळीच नको.

मूळ शेडच हवी असेल तर कोड शोधा. कारमध्ये तो दाराच्या खांबावर, बॉनेटखाली किंवा ओळखपट्टीवर असतो. पण दहा वर्षं खान्देशच्या उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचा लाल आता कोडाचा लाल राहिलेला नसतो. मिक्सिंगच्या दुकानात पेट्रोलच्या टाकीचं झाकण किंवा एखादा सुटा भाग पॉलिश करून न्या आणि जुळवून घ्या. पत्र्याच्या तुकड्यावर उडवून, वाळवून, बाहेर उन्हात नेऊन बघा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळंच जुळतं.

रंग बदलणार असाल तर थांबा. आरसी बुकात रंगाची नोंद असते. एमएच १९ असो, १८ असो की ३९, वेगळा रंग द्यायचा तर आरटीओत नोंद करून घ्यावी लागते, विमा कंपनीलाही कळवावं. आणि लष्करी हिरवा मोटारींना देता येत नाही, तो संरक्षण दलाच्या वाहनांसाठी राखलेला आहे.

क्लिअर, आणि तुमची फुप्फुसं

क्लिअर दोन प्रकारचे: हार्डनरशिवायचा आणि हार्डनरचा. स्कूटर-मोटरसायकलच्या टाकीला हार्डनरचाच हवा. पंपावर दोन थेंब सांडतात, आणि साधा क्लिअर त्या दोन थेंबांनी चिकट होतो, पांढरा पडतो. उन्हाला टिकायचं तरी हार्डनरचाच. डब्यावर अतिनील किरणांपासून संरक्षण लिहिलेला घ्या. इथे पैसे वाचवू नका, प्रायमरमध्ये आणि इथेच गाडीचं आयुष्य ठरतं. वाळलेला थर ४० ते ६० मायक्रॉनचा हवा, म्हणजे साधारण दोन नीट ओले हात. एकच हात मारला तर पॉलिश करताना बेस उघडा पडतो.

मिसळण्याचं प्रमाण डब्यावर असतं: काहींचं दोनास एक, काहींचं चारास एक. ते मापाच्या भांड्याने घ्या, अंदाजाने नको. जास्त हार्डनर घातला तर लवकर वाळेल, असं गॅरेजमध्ये ऐकाल. तसं होत नाही, थर ठिसूळ होतो. हार्डनर त्याच कंपनीचा, त्याच क्लिअरसाठी सांगितलेला. प्रायमर, बेस, क्लिअर सगळं एकाच कंपनीच्या एका मालिकेतलं घेतलंत, तर थर एकमेकांना धरतील की नाही ही काळजी राहत नाही.

आता जे सांगतोय ते सगळ्यांत महत्त्वाचं आहे. या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. पीयू रंगाच्या आणि बहुतेक दोन डब्यांच्या सरफेसरच्या हार्डनरमध्येही तेच. त्याचा फवारा श्वासात गेला तर दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराने त्याची धास्ती घेतली की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही श्वास कोंडतो. हे परत फिरत नाही. रुमाल, सर्जिकल मास्क, धुळीचा मास्क यांचा इथे काहीच उपयोग नाही. कार्बनच्या डब्यांचा मास्कही पुरा पडेल असं धरू नका, कारण आयसोसायनेटचा वास येत नाही, त्यामुळे डबा संपला हे तुम्हाला कळत नाही. बाहेरची ताजी हवा नळीने देणारा मास्क हा योग्य उपाय. शिवाय हातमोजे, चष्मा, पूर्ण बाह्यांचे कपडे.

घरात म्हातारी माणसं आणि लेकरं आहेत, खिडकी शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघराकडे उघडते, आणि तसा मास्क नाही. मग काय करायचं? मी असं करतो: घासणं, पुट्टी, इपॉक्सी घरी. त्यानंतर सुटे भाग चादरीत गुंडाळून बूथ (रंगकामाची बंद खोली) असलेल्या पेंटरकडे देतो, सरफेसर, रंग आणि क्लिअर तो मारतो. पैशांतला मोठा वाटा मजुरीच्या घासकामाचा असतो, तो तरीही वाचतो. पत्र्याचं काम तुम्ही स्वतः केलेलं असल्यामुळे खाली काय आहे, हे तुम्हाला नक्की माहीत असतं. इपॉक्सी मारतानाही कार्बनचा मास्क आणि मोकळी हवा लागतेच.

आग विसरू नका. थिनरची वाफ जड असते, जमिनीलगत पसरते. त्या दिवशी जवळ गॅसची शेगडी, देवघरातली समई, बिडी, ठिणगी उडवणारं बटण, काहीही नको.

थिनर आणि आपल्याकडची हवा

पुस्तकांतले आणि डब्यांवरचे आकडे बहुतेक २० ते २५ अंशांसाठी असतात. आपल्याकडे ते तापमान सकाळी सातला आणि तेही ठराविक महिन्यांतच मिळतं.

उन्हात थिनर इतका लवकर उडतो की थेंब पत्र्यावर पोचेपर्यंत अर्धा वाळलेला असतो. मग पसरत नाही, हाताला वाळूसारखा लागतो किंवा संत्र्याच्या सालीसारखा दिसतो. यासाठी स्लो थिनर आणि स्लो हार्डनर मागून घ्या. ३०-३५ अंशांच्या पुढे ते लागतातच. नेहमीचा थिनर जास्त ओतून हे सुधारत नाही, उलट ओघळ येतात आणि थर पातळ पडतो. मिसळलेलं मिश्रणही उन्हात लवकर घट्ट होतं. दहा अंश वाढले की डब्यावर दिलेला वेळ जवळजवळ निम्मा झाला असं धरा. एका हातापुरतंच मिसळा.

वैशाखात तापलेल्या पत्र्याला हात लावून ठेवता येत नाही. अशा पत्र्यावर रंग मारू नका, गाडी आदल्या रात्रीपासून सावलीत ठेवा. आणि खोली गार करायला कूलर लावायचा मोह होतो, तो टाळा. कूलर ओल ओततो. दमट हवेत एनसी पांढरट पडतो, आणि आयसोसायनेट पाण्याशी भिडून बुडबुडे करतं. जून ते सप्टेंबर याच कारणाने रंगकाम नको.

मग कधी? माझी पसंती फाल्गुनाच्या आसपास, म्हणजे फेब्रुवारीचा शेवट ते मार्चचा मध्य, सकाळी आठ ते अकरा. दुसरा काळ दसऱ्यानंतरचा. हवा छान असते, पण कापूस निघतो, जिनिंग सुरू होतं, आणि कापसाच्या बारीक तंतूंना ओला क्लिअर फार आवडतो. नंदुरबारकडे मिरची वाळत घातलेली असते, तिच्या पथारीच्या वाऱ्याच्या दिशेला तर बसूच नका. हिवाळ्यात पहाटे पत्रा हवेपेक्षा गार असतो आणि त्यावर न दिसणारं दव धरतं. ऊन वर आल्यावर, पत्रा हाताला कोरडा आणि कोमट लागल्यावरच सुरू करा.

फुफाटा बसवायला आदल्या संध्याकाळी अंगण शिंपा, कामाच्या वेळी नाही. पडवीला तिन्ही बाजूंनी प्लास्टिक लावा, चौथी बाजू उघडी ठेवा. आणि वीज कधी जाते ते बघा. भारनियमनाच्या वेळेत क्लिअरचा दुसरा हात अर्धा राहिला तर तो सांधा लपत नाही.

गन आणि हात

क्लिअर आणि बेसला १.३ किंवा १.४ मिलिमीटरचं नोझल, सरफेसरला १.६ ते १.८. ट्रिगर दाबून ठेवून दाब बघा, साधारण २ बार, पण गनच्या कागदावरचा आकडा शेवटचा. २५ लिटरच्या छोट्या कॉम्प्रेसरवर स्कूटरचे भाग एकेक करून होतात, अख्खी कार होत नाही, मध्येच दाब पडतो. टाकीतलं पाणी आधी सोडा आणि पाइपवर पाणी अडवणारा फिल्टर लावा. रंग जाळीतून गाळून भरा.

गन पत्र्यापासून १५ ते २० सेंटिमीटरवर, काटकोनात. मनगट नाही, अख्खा हात हलवा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवा. दोन हातांमध्ये बेसला दहा-पंधरा मिनिटं द्या, ओली चमक पूर्ण जाईपर्यंत. आदल्या दिवशी एका जुन्या पत्र्यावर पूर्ण क्रम, प्रायमरपासून क्लिअरपर्यंत, मारून बघा. त्याच मालाने, त्याच थिनरने. मी हे त्या आखाजीला केलं असतं तर तो महाग निळा रंग वाचला असता.

स्प्रेचा कॅन? आरशामागचा कोपरा, मडगार्डची कड एवढ्यासाठी ठीक. साध्या कॅनच्या क्लिअरला पेट्रोल सोसत नाही. तळाला बटण दाबून हार्डनर सोडायचे कॅन मिळतात, पण त्यांतही आयसोसायनेट आहे आणि मास्कचं सगळं तसंच लागू होतं.

किती आणायचं, नंतर काय करायचं

चेतकएवढ्या पत्र्याच्या स्कूटरला अर्धा लिटर इपॉक्सी, अर्धा लिटर सरफेसर, अर्धा लिटर बेस आणि अर्धा लिटर क्लिअर, त्या-त्या हार्डनरसह, साधारण पुरतात. रंग थोडा जास्तच मिक्स करून घ्या. संपल्यावर पुन्हा बनवलेली शेड पहिल्यासारखी निघेलच असं नाही.

बेस वाळल्यावर क्लिअर त्याच दिवशी मारा. क्लिअर मारल्यावर गाडी पहिली रात्र आतच ठेवा, दव लागू देऊ नका. बसलेली धूळ किंवा ओघळ दिसला तर ओल्यात बोट लावू नका. दोन-तीन दिवसांनी १५०० आणि मग २००० नंबरच्या पेपरने ओलं घासून कंपाउंडने (चमक आणणाऱ्या पेस्टने) घासा. कडांवर कंपाउंड दाबू नका, तिथे थर पातळ असतो. पहिले आठ दिवस टाकी काठोकाठ भरू नका, पेट्रोल सांडलंच तर लगेच पाण्याने धुवा. मेणाचं पॉलिश महिनाभर नको, आतला उरलासुरला थिनर बाहेर पडू दे.

उरलेला बेस घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत ओता, वर शेडचं नाव, कोड, कोणता थिनर, किती हात आणि तारीख लिहा. हार्डनरची उघडलेली बाटली मात्र ठेवू नका, ओल ओढून ती खराब होते. माझ्या चेतकच्या निळ्या रंगाची बाटली अजून माळ्यावर आहे. आईने कोठीचं दार ढकललं आणि स्कूटरच्या मागच्या कडेला टवका उडाला, तेव्हा त्यातला चमचाभर पुरला.